शब्द सगळ्यांना कळला की जुना होतो: सोशल मीडियावर तरुणांच्या भाषेचे अर्थ कसे बदलतात

मार्च २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदेत पंतप्रधान अँथनी अल्बानीझ विरोधकांच्या धोरणांची खिल्ली उडवत होते. बोलता बोलता ते म्हणाले, ही मंडळी 'डेलुलू विथ नो सोलुलू' आहेत. संसदेत हे म्हणून दाखवा, असं आव्हान त्यांना एका पॉडकास्टवर मिळालं होतं आणि त्यांनी ते पुरं केलं.

'डेलुलू' हे इंग्रजी 'डिल्यूजनल'चं, म्हणजे भ्रमात वावरणाऱ्याचं, लाडावलेलं रूप. 'सोलुलू' हे 'सोल्यूशन'वरून यमकापुरतं जुळवलेलं. पंतप्रधानांच्या तोंडी येण्याआधी हा शब्द बराच फिरून आला होता. आधी कोरियन पॉप संगीताच्या चाहत्यांत तो टोमणा होता. आपला लाडका गायक आपल्याशीच लग्न करणार, असं मनोमन धरून बसलेल्या चाहतीला बाकीच्या डेलुलू म्हणत. मग ज्यांना टोमणा बसत होता, त्यांनीच तो हसत हसत स्वतःला लावून घेतला. २०२३ च्या सुमारास टिकटॉकवर त्याची घोषणाच झाली, 'डेलुलू इज द सोलुलू'. थोडं भ्रमात राहा, स्वतःवर गरजेपेक्षा जास्त विश्वास ठेवा, कामं होतील, असा तिचा सूर. पंतप्रधानांनी तो फिरवून पुन्हा टोमणा केला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंब्रिज शब्दकोशाने त्याची नोंद केली.

टोमणा, स्वतःवरचा विनोद, सल्ला, पुन्हा टोमणा. एका शब्दाने थोडक्या वर्षांत एवढं सगळं पाहिलं. घरातल्या मोठ्यांना मुलांची भाषा कळत नाही याचं कारण पुष्कळदा शब्द नवे असतात हे नसतंच. शब्द ओळखीचा असतो, पण त्याचा अर्थ गेल्या वर्षीच्या जागेवरून हललेला असतो.

अर्थ हलणं ही गोष्ट मात्र अजिबात नवी नाही. संस्कृतात 'राग' म्हणजे रंग, ओढ, प्रेम. मराठीत आपण रागावतो ते वेगळंच. संस्कृतातली 'शिक्षा' शिकवते, मराठीतली छडी घेऊन येते. 'अपरोक्ष' म्हणजे खरं तर डोळ्यांसमोर, पण 'माझ्या अपरोक्ष काय झालं?' असं विचारणारा मराठी माणूस पाठीमागचं विचारत असतो. जुन्या धर्मशास्त्रात 'साहस' हा बळजबरीने केलेल्या गुन्ह्याचा प्रकार होता, आज साहसासाठी मुलांना शौर्य पुरस्कार मिळतात. शब्दांचे अर्थ ठरावीक वाटांनी सरकतात, हे फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मिशेल ब्रेआल यांनी १८९७ मध्ये पुस्तकभर मांडलं. अर्थ रुंदावतो, आक्रसतो, वर चढतो, खाली घसरतो. सोशल मीडियाने यात नवी वाट फारशी काढलेली नाही. शतकांचं काम महिन्यांवर आणलं, हा त्यातला एक बदल. दुसरा बदल जास्त खोल आहे, पण त्यासाठी आधी कट्ट्यावरची भाषा नेमकं काय काम करते ते पाहायला हवं.

'खतरनाक' हा शब्द घ्या. मूळ अर्थ धोकादायक. पण 'काय खतरनाक गातो तो!' यात धोका औषधालाही नाही. 'भयंकर आवडलं' यात भय नाही. 'राडा' म्हणजे आधी चिखल-घाण, मग हाणामारी, आणि आता मित्राच्या फोटोखाली 'राडा केलास भावा' ही शाबासकी. जपानी तरुणांचा 'याबाई' हा शब्द याच वाटेने गेला. मूळ अर्थ धोक्याचा, आणि आता चविष्ट पदार्थापासून देखण्या माणसापर्यंत सगळ्यालाच याबाई. दोन भाषांचा एकमेकींशी संबंध नसताना हे घडतं, कारण कौतुकाचे सभ्य शब्द लवकर गुळगुळीत होतात. 'छान', 'सुंदर', 'उत्तम' हे शब्द शाळेच्या प्रगतिपुस्तकातही असतात, त्यांत जोर उरत नाही. जोर कुठे शिल्लक असतो? भीती, मृत्यू, हिंसा यांच्या शब्दांत. म्हणून पोरं तिथून उसनवारी करतात. फोनवर कवटीचं चित्र आलं की त्याचा अर्थ 'हसून हसून मेलो' असा असतो, हेही त्यातलंच. आपण तोंडाने पिढ्यान्‌पिढ्या हसून मरतच आलोय, त्यांनी त्याचं चित्र केलं. मित्र परीक्षेत आपटला की त्याच्या फोटोखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिणारी मुलंही अशीच मरणाकडून जोर उसना घेत असतात. आजीने ते वाचलं तर मात्र घरात धावपळ होईल.

पण जोर हे अर्धंच कारण. स्लँगचं, म्हणजे या कट्ट्यावरच्या भाषेचं, दुसरं काम कुंपणाचं आहे. १९८० च्या दशकात अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ पेनेलोप एकर्ट यांनी डेट्रॉइटच्या उपनगरातल्या एका हायस्कुलात बराच काळ मुलांमध्ये राहून अभ्यास केला. शाळेच्या उपक्रमांत पुढे असणारी मुलं आणि शाळेला न जुमानणारी मुलं, असे तिथे दोन ठळक गट होते. मुलं स्वर कसे उच्चारतात हे त्यांच्या आईवडिलांच्या आर्थिक स्थितीपेक्षा ती कोणत्या गटात आहेत यावर अधिक अवलंबून होतं. माझ्या मते या विषयातली किल्ली इथेच आहे. तरुण मुलगा एखादा शब्द वापरतो तेव्हा तो दोन गोष्टी सांगतो: एक, शब्दकोशातला अर्थ, आणि दुसरी, 'मी यांच्यातला आहे, त्यांच्यातला नाही'. बहुतेक वेळा दुसरी गोष्टच महत्त्वाची असते.

म्हणूनच शब्द सगळ्यांना कळला की तो निकामी होतो. फ्रेंच तरुणांच्या 'व्हेर्लां' या भाषेत हे अगदी उघडपणे दिसतं. तिथे शब्दाचे तुकडे उलटे करून बोलतात. बाईला फ्रेंचमध्ये 'फाम', ते उलटं होऊन 'मफ' झालं. हळूहळू 'मफ' सगळ्या फ्रान्सला कळायला लागलं, जाहिरातींतसुद्धा आलं. मग पोरांनी तो उलटा शब्द पुन्हा उलटा केला, 'फमे'. मूळ शब्दाकडे परत न जाता ते तिसऱ्याच ठिकाणी पोचले. कुंपण ओलांडून गर्दी आत आली की कुंपण पुढे सरकवायचं, एवढंच.

आता सोशल मीडियाने काय बदललं ते बघू. पूर्वी कुंपण ओलांडायला वेळ लागायचा. शब्द एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत जायचा तो माणसाबरोबर. ज्याच्याकडून तो ऐकला त्याचा चेहरा, सूर, परिस्थिती हे सगळं शब्दासोबत यायचं. आता शब्द माणसाशिवाय प्रवास करतो. पंधरा सेकंदांच्या व्हिडिओतून तो अशा लाखो लोकांसमोर जातो, ज्यांना तो कुणाचा, कशासाठी, कोणत्या सुरात होता यातलं काही माहीत नसतं. ते संदर्भावरून अंदाज बांधतात आणि वापरायला लागतात. त्यांचा अंदाज चुकलेला असला तरी त्यांची संख्या मूळ बोलणाऱ्यांच्या कित्येक पट असते. भाषेत शेवटी बहुमत चालतं. चुकलेला अंदाजच मग अर्थ होतो.

अ‍ॅलिस मारविक आणि डॅना बॉइड या अभ्यासकांनी २०१० च्या आसपास ट्विटरच्या निमित्ताने एक जवळची कल्पना मांडली. तिला संदर्भांची पडझड म्हणता येईल. प्रत्यक्ष आयुष्यात आपण मित्रांशी, आईशी, साहेबांशी वेगवेगळं बोलतो, कारण ते वेगवेगळ्या खोल्यांत असतात. सोशल मीडियावर भिंती पडतात आणि सगळे एकाच दालनात उभे राहतात. एका गटासाठी केलेला विनोद दुसरा गट गंभीरपणे वाचतो, तिसरा त्यावरून भांडण काढतो.

या पडझडीचा सर्वांत मोठा फटका बसला तो अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीला. आज जगभर 'नव्या पिढीची भाषा' म्हणून जे शब्द फिरतात, त्यातला मोठा भाग या बोलीतून आलेला आहे. 'स्ले', म्हणजे 'काय दिसतेयस, मैदान मारलंस', हा शब्द न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी-ट्रान्स समूहांच्या बॉलरूम, म्हणजे सजून-नटून चालण्या-नाचण्याच्या, स्पर्धांमध्ये वाढला. तिथे त्याला वजन होतं, कारण ज्यांना बाहेर कुणी विचारत नव्हतं ते तिथे राजे-राण्या व्हायचे. आज कुणी बूट विकायला काढले तरी खाली 'स्ले'.

'वोक'ची कथा याहून कडू आहे. १९३८ मध्ये लेड बेली या कृष्णवर्णीय गायकाने एका ध्वनिमुद्रणात आपल्या लोकांना 'स्टे वोक' असं बजावलं. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्यातून जाताना जागे राहा, जिवाला धोका आहे, असा शब्दशः सावधगिरीचा इशारा होता तो. २०१४ नंतर पोलिसी अत्याचारांविरुद्धच्या आंदोलनांबरोबर तो समाजमाध्यमांवर पसरला आणि अर्थ रुंदावून 'अन्यायाबद्दल जागरूक' असा झाला. २०१७ मध्ये ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात त्याची या अर्थाने नोंद झाली. पाठोपाठ विरोधकांनी तो उचलला, आणि आता अनेकांच्या तोंडी तो केवळ हिणवण्यासाठी असतो. ज्यांनी तो जीव वाचवण्यासाठी घडवला, त्यांनाच तो आज सरळ अर्थाने वापरता येत नाही.

'बेस्ड' उलट्या बाजूने गेला. अमली पदार्थांच्या व्यसनी माणसासाठीच्या हिणकस शब्दातून तो आला. लिल बी या रॅपरने २०१० च्या सुमारास तो आपलासा करून 'लोक काय म्हणतील याची पर्वा न करणारा' असा अर्थ दिला, आणि पुढे इंटरनेटवरच्या राजकीय टोळ्यांनी 'आमच्या मताचा, बेधडक' या अर्थाने पळवला. तेव्हा पोरगं एखाद्या पोस्टखाली 'बेस्ड' लिहितं तेव्हा ते नुसतं कौतुक आहे की राजकीय इशारा, हे त्या शब्दाकडे बघून कळणार नाही. ती पोस्ट कुणाची आहे हे बघावं लागेल.

लेखी गप्पांनी आणखी एक गोष्ट केली. बोलताना सूर असतो, लिहिताना नसतो. ती उणीव मुलांनी विरामचिन्हांनी आणि चित्रांनी भरून काढली, आणि मग त्यांचेही अर्थ सरकू लागले. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन विद्यापीठाच्या २०१५ च्या अभ्यासात दिसलं, की मोबाइलवरच्या एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असला तर ते वाचणाऱ्याला कमी मनापासूनचं वाटतं. म्हणजे 'हो' हे होकारार्थी, आणि पूर्णविरामासह 'हो' म्हणजे काहीतरी बिनसलंय. शाळेत ज्याचे गुण कापले जायचे, ते न देणं इथे सभ्यपणा झालं! जपानी मुलांनी तर हसण्याचं गवत केलं. हसणं म्हणजे 'वाराई', त्याचं रोमन लिपीतलं पहिलं अक्षर 'w' हशाची खूण म्हणून वापरू लागले. जास्त हसू आलं की ते अक्षर लागोपाठ लिहायचं. ती टोकदार अक्षरांची रांग गवताच्या पात्यांसारखी दिसते, म्हणून पुढे थेट 'कुसा' म्हणजे 'गवत' असं लिहून भागवायला लागले.

अंगठा वर केल्याच्या चित्राचं प्रकरण कोर्टात पोचलं. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात एका धान्यखरेदीदाराने शेतकऱ्याला जवस विकत घेण्याच्या कराराचा फोटो पाठवला. शेतकऱ्याने उत्तरादाखल अंगठा पाठवला. 'मिळालं' एवढंच म्हणायचं होतं, असं त्याचं म्हणणं. २०२३ मध्ये न्यायालयाने तो अंगठा सहीइतकाच मानला आणि शेतकऱ्याला सुमारे ८२,००० कॅनेडियन डॉलर भरपाई द्यायला लावली. कनिष्ठ सहकाऱ्याला अंगठा पाठवणारे वरिष्ठ ऐकून चकित होतील, पण बऱ्याच तरुणांना तोच अंगठा तुसडा वाटतो, 'कळलं, आता पुरे' असा.

या सगळ्यात अल्गोरिदमचा, म्हणजे कुणाला काय दाखवायचं हे ठरवणाऱ्या यंत्रणेचा, हातही आहे. काही शब्द आले की व्हिडिओ दाबला जातो किंवा त्यावरचं उत्पन्न बंद होतं, असा वापरणाऱ्यांचा अनुभव किंवा निदान पक्का समज असतो. म्हणून मृत्यू, आत्महत्या, लैंगिक हिंसा यांबद्दल बोलताना पर्यायी शब्द काढले जातात. सगळ्यांत गाजलेला 'अनअलाइव्ह', म्हणजे शब्दशः 'अ-जिवंत करणं'. अशा भाषेला 'अल्गोस्पीक' नाव पडलंय. चीनमधल्या नेटकऱ्यांना हे बरंच आधीपासून येतं. सरकार 'सुसंवादी समाजा'च्या नावाखाली सेन्सॉरशिप करायचं, तेव्हा उच्चाराने त्याच्याजवळ जाणारा 'नदीतला खेकडा' हा शब्द लोकांनी सेन्सॉरसाठी वापरात आणला.

गंमत अशी, की पळवाट म्हणून काढलेला शब्द पुढे राजमार्गावर येतो. २०२४ मध्ये सिअ‍ॅटलमधल्या पॉप संस्कृतीच्या संग्रहालयात गायक कर्ट कोबेनच्या आत्महत्येबद्दलच्या फलकावर 'अनअलाइव्ह' हा शब्द छापला गेला. तिथे कसला अल्गोरिदम? टीका झाल्यावर फलक बदलला. यंत्राला चुकवण्यासाठी काढलेला शब्द आता काहींना मरणाबद्दल बोलण्याची सौम्य, आदराची रीत वाटू लागला आहे. आपल्याकडे 'देवाज्ञा झाली' म्हणतात त्या जातीचं हे, फक्त देवाच्या जागी सर्व्हर.

आतापर्यंतचे बदल मला मौजेचे वाटतात. एक बदल मात्र नाही वाटत. मानसशास्त्रातले शब्द कट्ट्यावर आले की त्यांचं जे होतं तो. 'गॅसलायटिंग' हा शब्द पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या १९३८ च्या नाटकावरून आला. त्यात नवरा बायकोला पद्धतशीरपणे पटवत जातो, की तिला दिसतं ते खोटं आहे, घरातले गॅसचे दिवे मंद झालेलेच नाहीत, तिचंच डोकं फिरलंय. एखाद्याचा स्वतःच्या शहाणपणावरचा विश्वास हळूहळू पोखरणं, हा त्याचा नेमका अर्थ. २०२२ मध्ये मेरियम-वेबस्टर शब्दकोशाने तो वर्षाचा शब्द ठरवला. त्या वर्षी त्याचे शोध आधीपेक्षा १,७४० टक्क्यांनी वाढले होते. पण आता 'मी तसं म्हणालो नव्हतो' एवढं कुणी म्हटलं तरी त्याला गॅसलायटिंगचा शिक्का बसतो. 'ट्रॉमा' म्हणजे गणिताचा पेपर. 'टॉक्सिक' म्हणजे फोन न उचलणारी मैत्रीण.

मेलबर्न विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ निक हॅस्लम यांनी २०१६ मध्ये या पसरण्याचं वर्णन केलं होतं. इजा आणि त्रास सांगणाऱ्या कल्पना दोन दिशांनी वाढतात, असं त्यांनी दाखवलं: एकीकडे नव्या प्रकारच्या घटनांपर्यंत, दुसरीकडे पूर्वीपेक्षा सौम्य घटनांपर्यंत. याला चांगली बाजूही आहे. ज्या छळाला नाव नव्हतं त्याला नाव मिळालं, आणि नाव मिळाल्यामुळे अनेक जण त्यातून बाहेर पडू शकले. तरीही 'भयंकर' फिका पडला तर आपण 'खतरनाक' काढतो, तोही फिका पडला तर तिसरा. जिला खरोखर वर्षानुवर्षं वेडं ठरवलं गेलं, तिने दुसरा शब्द कुठून आणायचा? तिने 'गॅसलायटिंग' म्हटलं की ऐकणारा किरकोळ भांडणाची कल्पना करतो. शब्द घिसून गेला तर इथे खरंच कुणाचं तरी नुकसान होतं.

याच्या दुसऱ्या टोकाला असे शब्द आहेत ज्यांत घिसण्यासारखं काही नव्हतंच. 'सिक्स-सेव्हन' हा एका रॅप गाण्यातून उचललेला आकडा २०२५ मध्ये शाळाशाळांतून हातवाऱ्यांसह घुमत होता. 'याचा अर्थ काय?' असं विचारणाऱ्या मोठ्यांना मुलं पुन्हा 'सिक्स-सेव्हन' असंच उत्तर देत. डिक्शनरी डॉट कॉमने तो वर्षाचा शब्द निवडला, आणि ब्रिटनचे पंतप्रधान कीर स्टार्मर यांनी एका शाळेत मुलांबरोबर ते हातवारे केल्यावर त्यांना शिक्षकांची माफी मागावी लागली, कारण त्या शाळेत ते करायला मनाई होती. वर्तमानपत्रांनी 'निरर्थक' म्हणून नाकं मुरडली. मला मात्र हा स्लँगचा सगळ्यात शुद्ध नमुना वाटतो. शब्दाची दोन कामं सांगितली होती, अर्थ आणि कुंपण. इथे अर्थ काढून टाकलाय आणि नुसतं कुंपण उरलंय. म्हणून अर्थ शोधणारा हमखास बाहेर राहतो.

मग ज्याला ही भाषा निदान वाचता यायला हवी, त्या पालकाने किंवा शिक्षकाने काय करावं? शब्दांच्या याद्या पाठ करू नयेत, त्या छापून होईपर्यंत शिळ्या झालेल्या असतात. शब्द खटकला तर तो कुणी लिहिला, कुणाला लिहिला आणि त्याखाली बाकीच्यांनी काय उत्तर दिलं ते आधी वाचावं. उत्तरं हशाची असतील तर अर्थ बहुधा उलटा आहे. एकाच माणसाला उद्देशून तोच शब्द पुन्हा पुन्हा येत असेल आणि तो माणूस गप्प असेल, तर अर्थ काहीही असो, त्रास दिला जातोय. सरळ विचारलं तरी चालतं. मुलं हसतील, पण सांगतील. विचारून कळल्यावर तो शब्द स्वतः वापरायचा मोह मात्र आवरावा, नाहीतर पुढच्या आठवड्यात नवा शब्द विचारावा लागेल.

शब्दकोश उघडायचा असेल तर 'स्किबिडी' शोधून पाहा. युट्यूबवरच्या एका चित्रविचित्र ॲनिमेशन मालिकेमुळे तो लहान मुलांच्या तोंडी रुळला, आणि केंब्रिजने तोही २०२५ मध्येच घेतला. त्यांनी दिलेला अर्थ असा: याचे 'मस्त' किंवा 'वाईट' असे वेगवेगळे अर्थ होऊ शकतात, किंवा तो खऱ्या अर्थाशिवाय गंमत म्हणूनही वापरतात.